जपानमध्ये गोतावळ्याची भेट कशी आखावी

निरनिराळ्या देशांत पांगलेल्या कुटुंबाने जपानमध्ये भेटायचे ठरवले, की चर्चा बहुधा प्रेक्षणीय स्थळांवरून सुरू होते. माझ्या मते ती मुक्कामापासून सुरू व्हावी. रोज नव्या शहरात सगळा गोतावळा हलवण्यापेक्षा एका-दोन ठिकाणीच ठाण मांडावे आणि त्यांपैकी एक मुक्काम रयोकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी विश्रामगृहात, ठेवावा. शहरांतल्या साध्या हॉटेलांच्या खोल्या बहुधा दोघांपुरत्याच असतात आणि रात्री सगळ्यांना एकत्र बसायला जागा मिळत नाही. उलट रयोकानच्या तातामी, म्हणजे गवताच्या जाड चटया, अंथरलेल्या मोठ्या खोलीत चार-पाच जण शेजारी शेजारी गाद्या घालून झोपू शकतात. एप्रिलअखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा ‘गोल्डन वीक’, ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन हा पितरांचा सण आणि नववर्षाचे दिवस मात्र टाळावेत, कारण तेव्हा जपानी कुटुंबेही गावाकडे किंवा सहलीला निघालेली असतात.

रयोकानचे दर सहसा खोलीवर नसून माणशी असतात आणि त्यांत बहुधा रात्रीचे जेवण व न्याहारी धरलेली असते. म्हणून आरक्षण करतानाच नेमकी माणसे, मुलांची वये आणि प्रत्येकाचे पथ्यपाणी कळवावे. शाकाहारी मंडळींबाबत विशेष दक्षता घ्यावी: भाज्या आणि मिसो सूपसुद्धा बहुतेक वेळा सुकवलेल्या माशापासून केलेल्या ‘दाशी’ नावाच्या रश्शात शिजतात, त्यामुळे नुसते ‘मांस नको’ असे सांगून भागत नाही. घरात शाकाहारी अधिक असतील, तर कोयासान या डोंगरावरील तीर्थक्षेत्रातल्या बौद्ध मठांतील मुक्काम उत्तम. तिथे शोजिन रयोरी हे मांस-मासळीविरहित जेवण मिळते.

सर्वांत नाजूक विषय ओनसेनचा, म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानाचा. सार्वजनिक स्नानगृहे स्त्री-पुरुषांसाठी सहसा वेगळी असतात, पण आत पोहण्याचा पोशाख चालत नाही. म्हणजेच सासू आणि सून, सासरा आणि जावई यांना एकमेकांसमोर विवस्त्र व्हावे लागते. हे आयत्या वेळी दारात कळले, तर अवघडलेपण येते आणि ते पुढचे दोन दिवस सरत नाही. भेट आखणाऱ्यांनी सगळ्यांना आधीच स्पष्ट कल्पना द्यावी, कोणालाही आग्रह करू नये आणि जिथे शक्य असेल तिथे तासाभरासाठी राखून ठेवता येणारे खासगी स्नानगृह घ्यावे. गोंदण असलेल्यांना अनेक ठिकाणी प्रवेश नाकारतात, त्यांच्यासाठीही हाच मार्ग सोयीचा. कुंडात उतरण्यापूर्वी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करावी, फेस पूर्ण धुवावा, लांब केस वर बांधावेत आणि छोटा टॉवेल पाण्यात बुडू देऊ नये.

इतर रीतिरिवाज सांगताना त्यांची कारणेही सांगावीत, कारण नुसती मनाई मुले विसरतात, पण कारण त्यांच्या लक्षात राहते. युकाता, म्हणजे रयोकानमध्ये घालायचा सुती झगा, नेसताना डावी बाजू उजवीवर घ्यायची, कारण उलटी बाजू मृतासाठी असते. चॉपस्टिक भातात उभ्या रोवणे किंवा चॉपस्टिकने दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देणे या दोन्ही गोष्टी अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत. तातामीवर चपलाच काय, घरातल्या स्लिपरही चालत नाहीत. शौचालयाच्या स्लिपर वेगळ्या असतात आणि त्या तिथेच सोडायच्या असतात.

शिनकानसेन या अतिवेगवान रेल्वेगाडीतील आसने फिरवून समोरासमोर करता येतात, मात्र गाडीत फोनवर बोलणे टाळावे. तोकाइदो, सान्यो आणि क्यूशू मार्गांवर लांबी, रुंदी व उंची मिळून १६० सेंमीपेक्षा मोठ्या बॅगेसाठी जागा आधी राखावी लागते. त्यापेक्षा ‘ताक्यूबिन’ सेवेने बॅगा पुढच्या मुक्कामी पाठवणे ज्येष्ठांना सुखाचे, फक्त त्या बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतात, म्हणून एका रात्रीचे कपडे हाताशी ठेवावेत.

औषधांकडे दुर्लक्ष करू नये. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे महिन्याभराच्या साठ्यापेक्षा जास्त न्यायची असतील, तर पूर्वपरवानगी लागते, आणि सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणाबाहेर असल्यास त्या आणताच येत नाहीत. आजी-आजोबांच्या गोळ्यांची यादी निघण्याच्या बऱ्याच आधी तपासावी. रुग्णवाहिकेसाठी ११९ हा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा.

दिवसा ज्याला जे पाहायचे ते पाहू द्यावे. दमलेल्यांनी विश्रामगृहातच थांबावे. रात्रीच्या जेवणाची वेळ मात्र सर्वांनी पाळावी, कारण स्वयंपाकघर त्या वेळेनुसारच ताटे वाढते. निघण्याच्या दिवशी खोल्या बहुधा सकाळी दहा-अकरापर्यंत रिकाम्या कराव्या लागतात आणि सामानाची घाई उडते, म्हणून सर्वांचा एकत्र फोटो आदल्या संध्याकाळी, जेवणाला बसण्यापूर्वीच काढून घ्यावा.