जँगोमध्ये क्वेरी लिहिताय? या चुका टाळा

जँगो या पायथन वेब फ्रेमवर्कचं ओआरएम (एसक्यूएल न लिहिता पायथनमधूनच डेटाबेसला प्रश्न विचारायची सोय) हाताळायला लागलेला नवा मुलगा पहिल्याच आठवड्यात म्हणतो, "सर, आता एसक्यूएल शिकायची गरजच नाही." मग कोड रिव्ह्यूला बसलं की त्याच त्या चुका पुढ्यात येतात. त्यातल्या एकीवर माझा खास राग आहे.

ती म्हणजे फिल्टरला फिल्टर जोडत जाणं. एका पतसंस्थेचं काम होतं. मार्चचा हप्ता थकलेल्या कर्जदारांना एसएमएस पाठवायचा, एवढंच. टीममधल्या मुलाने लिहिलं:

कर्जदार.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(हप्ता__महिना=मार्च).फिल्टर(हप्ता__भरला=फॉल्स)

वाचायला अगदी बिनचूक. पण एका कर्जदाराचे हप्ते अनेक असतात, आणि अशा नात्यावर दुसरा फिल्टर जोडला की जँगो हप्त्यांचं टेबल नव्याने जॉइन करतो, म्हणजे पुन्हा एकदा जोडतो. म्हणजे क्वेरीचा अर्थ झाला: ज्याचा मार्चचा हप्ता आहे, आणि ज्याचा कुठला तरी हप्ता भरायचा बाकी आहे. चालू कर्जात पुढचे हप्ते बाकी असणारच की! त्यामुळे तारीख न चुकवणारे सगळे थकबाकीदार ठरले. वर जॉइनमुळे जितके हप्ते बाकी तितक्या ओळी. 32 हप्ते उरलेल्या माणसाला 32 मेसेज. सकाळी शाखेतला फोन खाली ठेवता येईना.

मुलाने घाईघाईने शेवटी डिस्टिंक्ट() चिकटवलं, म्हणजे सारख्या ओळींतली एकच ठेवली. 32 चा 1 झाला. "सुटलं सर!" कसलं सुटलं? यादी तीच, माणसं तीच, फक्त चूक आता दिसेनाशी झाली. ओळी का वाढल्या, हे सांगता येत नसेल तर डिस्टिंक्ट लावलेला कोड मी मर्ज करत नाही. यावरून मला खडूस म्हणतात, म्हणोत.

दोन्ही अटी एकाच फिल्टरच्या कंसात घातल्या की त्या एकाच हप्त्याला लागू होतात. मी मात्र तेवढ्यावरही थांबत नाही. प्रश्न ज्या ओळीबद्दल आहे, त्याच टेबलापासून सुरुवात करतो: हप्ता.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(महिना=मार्च, भरला=फॉल्स).सिलेक्ट_रिलेटेड("कर्जदार"). शेवटच्या तुकड्याने कर्जदारही त्याच क्वेरीत येतो. इथे घोळ व्हायला जागाच उरत नाही. अटीत बसणाऱ्या ओळी वगळणाऱ्या एक्सक्लूडमध्ये तर आणखी गंमत आहे: अशा नात्यावर दोन अटी एका कंसात लिहिल्या तरी त्या एकाच हप्त्याला लागतील असं नाही. तिथे मी सरळ एक्झिस्ट्स आणि आउटररेफ वापरून, म्हणजे आतल्या वेगळ्या क्वेरीने, 'असा हप्ता नाही' अशी उलटी अट लिहितो. लांबलचक दिसते, पण रात्री झोप लागते.

एकच ओळ आणणाऱ्या गेट()ला अनेक ओळी सापडून त्याने 'मल्टिपलऑब्जेक्ट्सरिटर्न्ड'चा एरर दिला की त्याजागी फिल्टर().फर्स्ट() टाकणारे बहाद्दर पुष्कळ आहेत. क्रम सांगितला नसेल तर फर्स्ट() प्रायमरी कीच्या क्रमाने पहिली ओळ उचलतो; ती बरोबरची आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. डेटात डुप्लिकेट शिरलंय, ते शोधा आणि युनिक कन्स्ट्रेंट (डुप्लिकेट ओळ शिरू न देणारा डेटाबेसचा नियम) लावा.

संबंधित ओळी आधीच एकत्र आणणारं प्रीफेच_रिलेटेड लावलं म्हणून निर्धास्त होऊन लूपमध्ये कर्जदार.हप्ता_सेट.फिल्टर(...) लिहिलंत, तर आधी आणलेला डेटा वाया जातो आणि दर फेरीला नवी क्वेरी सुटते. गाळूनच हवा असेल तर प्रीफेच ऑब्जेक्टला क्वेरीसेट द्या. डीबग टूलबार उघडून क्वेऱ्यांचा आकडा बघायला किती वेळ लागतो?

नुसता आकडा हवा असेल तर लेन() नको, काउंट(). आहे की नाही एवढंच बघायचं तर एक्झिस्ट्स(). अपडेट()ने सेव्ह() चालत नाही, सिग्नल (सेव्ह झाल्याची जँगोची सूचना) सुटत नाहीत, ऑटो_नाऊची, म्हणजे सेव्ह करताना आपोआप बदलणारी, तारीखही हलत नाही. याबद्दल दरवेळी नव्याने आश्चर्य वाटून घेऊ नका.

आणि तारखा. नव्या प्रोजेक्टच्या सेटिंग्जमध्ये टाइम_झोन 'यूटीसी' असतो. तो तसाच ठेवून __डेट लुकअप (वेळेतली फक्त तारीख बघणारी अट) लावला, तर आपल्याकडे रात्री 12 ते पहाटे 5:30 मध्ये झालेला भरणा आदल्या दिवसाच्या खात्यात जातो. 'एशिया/कोलकाता' करा. शिवाय __डेटमुळे कॉलम फंक्शनमध्ये गुंडाळला जातो, मग त्यावरचा साधा इंडेक्स कामाला येत नाही. मोठ्या टेबलावर मी दिवसाची सुरुवात __जीटीई (तेव्हापासून पुढे) आणि दुसऱ्या दिवसाची सुरुवात __एलटी (त्याच्या आधी) अशी जोडीच लिहितो.