बेलीझचा इतिहास कसा अभ्यासावा आणि वाचनालयाच्या व्याख्यानात कसा मांडावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या एखाद्या सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मध्य अमेरिकेवर बोलायचे ठरले, तर रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातले श्रोते केळीच्या बलाढ्य कंपन्यांचा विषय काढणार, हे गृहीत धरावे. होंडुरास आणि ग्वाटेमालाच्या बाबतीत ते योग्यच आहे. बेलीझ मात्र लाकडाने घडवला. म्हणून या देशाची तयारी करताना गव्हर्नरांची जंत्री बाजूला ठेवावी आणि कोणते लोक कोणत्या कामासाठी तिथे आले किंवा आणले गेले, आणि त्यांना जमीन मिळाली का, हा एकच धागा शेवटपर्यंत सोडू नये.

आरंभी नकाशा लावावा. उत्तरेला मेक्सिको, पश्चिमेला व दक्षिणेला ग्वाटेमाला, पूर्वेला कॅरिबियन समुद्र. क्षेत्रफळ सुमारे २२,९७० चौरस किलोमीटर, म्हणजे जळगाव जिल्ह्याच्या दुपटीहून थोडे कमी. लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेनुसार चार लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या जळगाव शहरापेक्षाही कमी. एवढे सांगितले की आकार लक्षात येतो.

नकाशाशेजारी राष्ट्रध्वजाचे मोठे चित्र ठेवावे, कारण अर्धे व्याख्यान त्यातच आहे. मधोमध महोगनीचे झाड, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन लाकूडतोडे. एकाच्या खांद्यावर कुऱ्हाड, दुसऱ्याच्या हातात वल्हे. ढालीवर करवत, कुऱ्हाडी आणि एक जहाज. भोवतालच्या पन्नास पानांतून १९५० साल, म्हणजे स्वातंत्र्याच्या चळवळीचा आरंभ, सुचवलेला आहे. श्रोत्यांना चित्र दोन मिनिटे शांतपणे पाहू द्यावे आणि मगच बोलायला लागावे.

टिपणे काढताना वहीच्या पानावर पाच रकाने आखावेत: कोण, कुठून, कधी, का, आणि जमिनीचे काय झाले. पहिली ओळ मायांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, असली पाहिजे. इंग्रज लाकूडतोड्यांपासून सुरुवात करणारी मांडणी सोपी असते, पण ती चुकीची आहे. काराकोल या माया नगराने इ.स. ५६२ मध्ये तिकालसारख्या प्रबळ राज्याचा पराभव केल्याचे तिथल्या शिलालेखातून वाचले जाते, आणि लामानाई येथे तर स्पॅनिश मिशनऱ्यांनी चर्च बांधले तेव्हाही माया वस्ती नांदत होती. ‘माया लोप पावले’ हे वाक्य व्याख्यानात येऊ देऊ नये. युकाटेक, मोपान आणि केक्ची हे माया समाज आजही त्या देशात आहेत.

व्याख्यानाचा निम्मा वेळ लाकडाला द्यावा. सतराव्या शतकात इंग्रज आले ते लॉगवुडसाठी. या झाडाच्या गाभ्यापासून मिळणारा रंग युरोपातल्या लोकरीच्या कापडाला लागत असे. १७६३ च्या पॅरिसच्या तहाने स्पेनने त्यांना तोडीची मुभा दिली, पण प्रदेशावरचा हक्क स्वतःकडेच ठेवला. पुढे लॉगवुडचा भाव पडला आणि महोगनीचा धंदा आला, ज्याला जास्त भांडवल आणि जास्त गुलाम लागत. हे काम जवळून दाखवावे. ऑगस्टच्या सुमारास महोगनीची पाने तांबूस-पिवळी दिसू लागली, की शोध्या उंच झाडाच्या शेंड्यावर चढून रानात त्या छटा हेरत असे. कोरड्या दिवसांत ओंडके बैलगाड्यांवरून नदीकाठी नेत. उन्हात बैल टिकत नसल्यामुळे ही वाहतूक रात्री, मशालींच्या उजेडात चाले. पाऊस लागून नदी फुगली की ओंडके प्रवाहात सोडून समुद्राकडे नेले जात.

गुलामी १८३४ मध्ये कायद्याने संपली आणि सक्तीची उमेदवारी, म्हणजे मुक्तीनंतरही जुन्या मालकाकडेच राबण्याचे बंधन, १८३८ मध्ये, आणि याच ठिकाणी पाचवा रकाना बोलू लागतो. त्याच १८३८ मध्ये फुकट जमीन देणे बंद होऊन एकराला एक पौंड दर ठरला. मुक्त झालेल्या माणसाकडे तो पौंड कुठून असणार? हंगामाआधी आगाऊ रक्कम द्यायची, ती संपली की मालकाच्याच दुकानातून उधारीवर माल घ्यायला लावायचे आणि पुढचा हंगाम त्या कर्जात अडकवायचा, अशी पद्धत रूढ झाली. खानदेशातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या आणि मुकादमाची उचल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे फोड करून सांगावे लागणार नाही.

सेंट जॉर्जेस के या छोट्या बेटाजवळची १० सप्टेंबर १७९८ ची लढाई जपून सांगावी. स्पॅनिश आरमार परतवले गेले, हे खरे. मालक आणि गुलाम खांद्याला खांदा लावून लढले, ही लोकप्रिय कथाही सांगावी. पण त्यानंतर छत्तीस वर्षे गुलामी चालूच राहिली आणि १८२० मध्ये बेलीझ व सिबून नद्यांच्या परिसरात गुलामांचे बंड झाले, हे त्याच दमात सांगितले नाही तर कथा एकतर्फी राहते.

उरलेल्या समाजांत गारीफुनांची ओळ सर्वांत ठसठशीत आहे. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरचे मूळ रहिवासी आणि आफ्रिकी यांच्यापासून झालेल्या या लोकांना इंग्रजांनी १७९७ मध्ये होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर हद्दपार केले. तिथून ते किनाऱ्याने पसरले, आणि १८३२ मधल्या आगमनाची आठवण म्हणून १९ नोव्हेंबर हा दिवस बेलीझमध्ये राष्ट्रीय सुट्टीचा असतो. मेस्टिझो, म्हणजे स्पॅनिश आणि मूळ रहिवासी यांच्या मिश्र वंशाचे लोक, आले ते मेक्सिकोच्या युकातानमध्ये १८४७ ला पेटलेल्या युद्धातून जीव वाचवून, आणि उत्तरेकडे ऊस लावू लागले. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी १९५८ पासूनचे. त्यांच्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही.

राजकीय टप्पे फळ्यावर लिहिले तरी पुरतात: १८६२ मध्ये ‘ब्रिटिश होंडुरास’ वसाहत, १९५० मध्ये पीपल्स युनायटेड पार्टी या पक्षाची स्थापना, १९५४ मध्ये प्रौढ मताधिकार, १९६४ मध्ये अंतर्गत स्वराज्य, १९७३ मध्ये बेलीझ हे नाव, २१ सप्टेंबर १९८१ ला स्वातंत्र्य. १९६१ च्या हॅटी चक्रीवादळाने बेलीझ शहर उद्ध्वस्त केले आणि त्यामुळे राजधानी आत, बेलमोपान येथे हलवावी लागली, हे मात्र तोंडी सांगावे. बेलीझच्या भूभागावरचा ग्वाटेमालाचा दावा ब्रिटनबरोबरच्या १८५९ च्या तहातल्या रस्ता बांधण्याच्या कलमाभोवती फिरतो. दोन्ही देशांनी २०१८ आणि २०१९ मध्ये सार्वमत घेऊन तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सोपवला. व्याख्यानाच्या आदल्या दिवशी त्याची ताजी स्थिती तपासून घ्यावी.

बेलीझच्या दक्षिणेकडच्या टोलेडो जिल्ह्यातल्या माया गावांचे पारंपरिक जमीनहक्क २०१५ मध्ये कॅरिबियन न्यायालयाने मान्य केले, हे सांगताच धडगाव-अक्कलकुव्याकडचा कोणीतरी वनहक्क दाव्यांची गोष्ट काढील. चर्चा होऊ द्यावी; पण आपल्याकडे संसदेचा २००६ चा कायदा आहे आणि तिथे गावांना न्यायालयात लढावे लागले, हा फरक पुसू नये.

शेवटचा प्रश्न बहुधा ‘तिथे आपले कोणी आहे का’ असाच येतो. उत्तर होय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले, त्यांचे वंशज मुख्यतः टोलेडो आणि कोरोझाल जिल्ह्यांत आहेत, आणि कोरोझालमध्ये कलकत्ता नावाचे गाव आहे. टाळ्या मिळाव्यात म्हणून त्यांचा संबंध सातपुड्यातले भिल्ल पुढारी खाज्या नाईक यांच्या १८५७ च्या लढ्याशी जोडू नये. त्यांची नोंदही त्याच पाच रकान्यांत करावी.