परदेशात रिटायर व्हायचंय? मग पेन्शन कागदावर सिद्ध करायची कशी

पेन्शन येते हे तुम्हाला माहितीये, बँकेला माहितीये, घरच्यांना तर तारखेसकट माहितीये, पण फाईल उघडणाऱ्या व्हिसा ऑफिसरला यातलं काहीच माहीत नसतं, आणि तुमच्या शब्दावर तो विश्वास ठेवणार नाही. त्याला तीन गोष्टी बघायच्या असतात, पैसे देतंय कोण, किती देतंय आणि कधीपर्यंत देणार. पहिल्या दोन सगळेच दाखवतात. तिसरी राहते आणि फाईल तिथेच अडकते.

सगळ्यात आधी त्या देशाची अट नीट वाचा, कारण "उत्पन्न" म्हणजे काय हे प्रत्येक देशात वेगळं आहे. पनामा आणि कोस्टा रिका दोघांकडे पेन्शनवाल्यांची खास कॅटेगरी आहे, महिन्याला १००० डॉलर, पण ती आयुष्यभराची पेन्शनच हवी, बँकेत कितीही साठलेले असले तरी या कॅटेगरीत ते पेन्शनच्या जागी चालत नाहीत. पनामात जोडीदार सोबत असेल तर २५० डॉलर अजून. स्पेनच्या नॉन-लुक्रेटिव्ह, म्हणजे तिथे काम न करता राहायच्या व्हिसाला तिथल्या इप्रेम नावाच्या सरकारी आकड्याच्या चौपट लागतं, इप्रेम ६०० युरो धरला तर महिन्याला २४०० युरो, आणि सोबत येणाऱ्या प्रत्येकामागे अजून ६००. पोर्तुगालचा डी-७ व्हिसा तिथल्या किमान वेतनाला बांधलेला आहे, ते २०२४ मध्ये ८२० युरो होतं आणि २०२५ मध्ये ८७० झालं, म्हणजे मित्राने दोन वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा डोक्यात धरून बसू नका. जोडीदारासाठी तिथे निम्मं वाढवायचं. आणि अगदी काठावर पास होईल असं दाखवू नका, एक्स्चेंज रेट थोडा हलला तरी गोची होते.

आता मुख्य कागद, पेन्शन देणाऱ्याचं लेटर. लोक बँक स्टेटमेंटची चळत जोडतात आणि निर्धास्त होतात, पण स्टेटमेंटवरून एवढंच कळतं की आजवर पैसे आले, उद्या येतील का ते कळत नाही. लेटरमध्ये काय हवं तर तुमचं पूर्ण नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं, पेन्शन नंबर, महिन्याची रक्कम आणि चलन, कधीपासून सुरू आहे, आणि "ही पेन्शन आयुष्यभर मिळेल" असं सरळ वाक्य. हे वाक्य बऱ्याच छापील लेटरमध्ये नसतं! कारण देणाऱ्याच्या दृष्टीने ते उघडच आहे ना, पेन्शन म्हणजे मरेपर्यंतच. पण ऑफिसर गृहीत धरत नाही. म्हणून मागतानाच लिहून द्या की हे वाक्य पाहिजे, सहीशिक्क्यासकट पाहिजे. खासगी कंपनीची पेन्शन असेल तर जास्तच, कारण ती दहा वर्षांचीही असू शकते.

इथेच अजून एक घोळ होतो. रिटायरमेंट अकाउंटमधून तुम्ही स्वतः दर महिन्याला पैसे काढता ती पेन्शन नाही, ती तुमचीच बचत आहे, संपली की संपली. स्पेन-पोर्तुगालला अशी बचत दाखवून उपयोग होऊ शकतो, पण पनामा-कोस्टा रिकाच्या पेन्शन कॅटेगरीत नुसतं काढणं चालत नाही, त्याची आयुष्यभराची अ‍ॅन्युइटी घेतलेली असेल, म्हणजे एकरकमी पैसे भरून मरेपर्यंत ठरलेली रक्कम मिळायची सोय केलेली असेल, तर गोष्ट वेगळी.

मग बँक स्टेटमेंट, आणि आकडे जुळवणं. माझ्या मते अर्ध्या फाईली यातच लटकतात. लेटरवर एक रक्कम, खात्यात दुसरी, कारण मध्ये टॅक्स नाहीतर इन्शुरन्सचा हप्ता कापलेला असतो. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीत, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनमध्ये, हे कायम होतं, मेडिकेअर पार्ट बी या सरकारी आरोग्य विम्याचा प्रीमियम वळता होऊन उरलेलं जमा होतं. ब्रिटनची सरकारी पेन्शन साधारणपणे दर चार आठवड्यांनी येते, महिन्याला नाही, म्हणजे वर्षात १३ वेळा. समजा दर वेळी ७०० पौंड आले तर वर्षाचे ९१०० आणि महिन्याचा हिशोब ७५८ च्या आसपास, नुसतं ७०० धरलं तर स्वतःचंच नुकसान. असा काही फरक असेल तर एका पानावर साधा हिशोब मांडा, एकूण किती, कापलं किती, हातात किती, आणि स्टेटमेंटवर त्या त्या एंट्रीला हायलायटर मारा. ऑफिसरला शोधायला लावलं की तो प्रश्न काढतो.

थायलंडची तऱ्हा वेगळी. पन्नाशी पार केलेल्यांना तिथे राहण्याची वर्षाची मुदतवाढ घ्यायला महिन्याला ६५,००० बाट उत्पन्न किंवा थाई बँकेत ८,००,००० बाट लागतात. पूर्वी आपापल्या देशाच्या एम्बसीचं उत्पन्नाचं पत्र दिलं की काम व्हायचं, पण २०१९ पासून अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांनी अशी पत्रं देणं बंद केलं, कारण रक्कम खरी का ते एम्बसी तपासू शकत नव्हती. तेव्हापासून या लोकांना पेन्शन दर महिन्याला बाहेरून थाई खात्यात आणून दाखवावी लागते, आणि एंट्री परदेशातून आलेली म्हणूनच दिसायला हवी, ट्रान्सफर अ‍ॅपने लोकल खात्यातून फिरवून टाकली तर बँकेच्या कागदावर ती देशातली दिसते आणि मग समजावत बसा.

लेटर हातात आलं की अ‍ॅपॉस्टिल. हा कागद खरा असल्याचं सांगणारा सरकारी शिक्का असतो. १९६१ च्या हेग करारातले दोन्ही देश असतील तर हा एक शिक्का पुरतो, नसतील तर कॉन्सुलेटकडून लीगलायझेशन, म्हणजे तिथून कागद खरा असल्याची खात्री करून घेणं. शिक्का कोण देणार हे कागद कोणी दिला त्यावर ठरतं, म्हणजे अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचं लेटर फेडरल असल्यामुळे त्याचं अ‍ॅपॉस्टिल राज्याच्या ऑफिसातून होत नाही, वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्याकडेच पाठवावं लागतं. आणि ऑनलाईन डाउनलोड करून प्रिंट मारलेलं पान शिक्क्यासाठी चालेलच असं नाही, सहीवालं मागवा. भाषांतर अ‍ॅपॉस्टिलनंतर करा, आधी केलं तर शिक्क्याचं भाषांतर राहून जातं आणि परत पैसे. भाषांतरकार त्या देशाने मान्य केलेला हवा, स्पेनला तर शपथबद्ध भाषांतरकारच लागतो, इंग्रजी उत्तम येणारा भाचा नाही.

कागदांना तारखेचं बंधन असतं, खूप ठिकाणी तीन महिन्यांपेक्षा जुनं लेटर परत येतं, म्हणून पोलीस क्लिअरन्ससारखी वेळखाऊ कामं आधी सुरू करा आणि पेन्शन लेटर सगळ्यात शेवटी मागवा, फक्त शिक्का आणि भाषांतराचे आठवडे धरून. मागवताना दोन ओरिजिनल मागा. एक व्हिसाच्या फाईलीत अडकून पडतं आणि तिथे पोचल्यावर रेसिडन्स कार्डाच्या खिडकीवर परत तेच मागतात.