'विशेष काही नाही खाल्लं': विद्यार्थी खेळाडूंच्या आहारनोंदी घेणाऱ्या नवख्यांसाठी

क्रीडापोषणाच्या कामात नवीन आलात की पहिली जबाबदारी बहुधा हीच मिळते: खेळाडूला समोर बसवायचं, काल काय काय खाल्लं ते विचारायचं आणि सॉफ्टवेअरमध्ये भरायचं. काम सोपं समजतात, म्हणून सगळ्यात ज्युनियर माणसाकडे देतात. मला ही पद्धत अजिबात पटत नाही. पुढचं सगळं गणित ज्या आकड्यावर उभं राहणार तो इथेच तयार होतो आणि बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी भरतो.

किती कमी, हे ताडून पाहण्याची सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे डबली लेबल्ड वॉटर. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड समस्थानिक असलेलं पाणी प्यायला देतात आणि पुढचा आठवडा-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासतात. हायड्रोजन शरीरातून पाण्यावाटे जातो, ऑक्सिजन पाण्यावाटे आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोघांच्या वेगातल्या फरकावरून खर्च झालेली ऊर्जा निघते. वजन स्थिर असेल तर जेवढा खर्च तेवढंच खाणं. खेळाडूंवरच्या अशा अभ्यासांचा 2017 साली एकत्रित आढावा निघाला. त्यात खेळाडूंनी स्वतः सांगितलेली ऊर्जा सरासरी 19 टक्क्यांनी कमी भरली, आणि वेगवेगळ्या अभ्यासांत हा फरक 0.4 पासून 36 टक्क्यांपर्यंत होता.

यावर 'मग नोंदीचे दिवस वाढवू' हा उपाय लगेच सुचतो. त्याने आज जास्त, उद्या कमी असा रोजचा चढउतार सपाट होतो, एवढंच. सगळ्याच नोंदी एका बाजूला झुकलेल्या असतील तर दिवस वाढवून झुकाव जात नाही. उलट चौथ्या-पाचव्या दिवसानंतर पोरं कंटाळतात आणि वही रात्री झोपताना एकदम भरतात. त्यापेक्षा मोजके दिवस घ्या, पण सरावाचे आणि विश्रांतीचे असे दोन्ही प्रकार त्यात येऊ द्या.

पोरं मुद्दाम खोटं बोलतात असं समजू नका. विद्यार्थी खेळाडूचं खाणं ताटात कमी आणि वाटेत जास्त होतं. पहाटेचा सराव, मग वर्ग, मग पुन्हा मैदान. एका जलतरणपटूशी झालेला संवाद जवळपास असाच होता:

"काल दुपारनंतर काय खाल्लंस?"
"विशेष काही नाही, मॅडम. डायरेक्ट रात्री जेवले."
"सराव किती वाजता सुटला?"
"सहाला."
"आणि जेवण नऊला. मधे बसमध्ये कोण होतं बरोबर?"
"मैत्रीण. हां, तिचं अर्धं सँडविच खाल्लं. आणि बाटलीत ड्रिंक उरलं होतं ते."
"बाटली केवढी? पावडर किती चमचे टाकतेस?"

'अजून काही खाल्लंस का?' या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर येतं. वेळ, जागा आणि सोबत विचारली की आठवतं. चोवीस तासांच्या रिकॉलची, म्हणजे कालच्या दिवसभरातलं खाणं आठवून सांगण्याची, पाच टप्प्यांची जी पद्धत अमेरिकेच्या कृषी खात्याने बसवली, तिचं मर्म हेच आहे: आधी न अडवता भराभर यादी, मग हमखास विसरल्या जाणाऱ्या पदार्थांची विचारणा, मग वेळ आणि प्रसंग, मग प्रत्येक पदार्थाचा तपशील आणि शेवटी एक उजळणी. पहिल्या टप्प्यात मधेच 'किती ग्रॅम?' विचारलंत तर यादी तिथेच आटते. खेळाडूंसाठी विसरल्या जाणाऱ्यांच्या यादीत जेल, पावडरी, सरावातली पेयं आणि दुसऱ्याच्या डब्यातले घास स्वतःहून घाला.

नोंदी भरतानाची चूक मात्र सर्वस्वी आपली. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण 360 किलोकॅलरी असतात, तर तेवढ्याच वजनाच्या शिजलेल्या भातात 130च्या आसपास. मुलाने 300 ग्रॅम भात खाल्ला आणि तुम्ही यादीतली वरची 'तांदूळ' ही ओळ निवडली, तर 390च्या जागी 1080 पडले. अशी एक नोंद बाकीची सगळी तूट झाकून टाकते आणि दिवसाची बेरीज शहाण्यासारखी दिसते. तेलाचं उलटं: मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे 120 किलोकॅलरी, पण ते ताटात दिसत नाही आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती समोर नसते. फोटो काढायला लावले तर वाटीचा आकार कळतो, तेल कळत नाही.

कोच खोलीत असताना मुलाखत घेऊ नका. वजनगटाचे खेळ, जिम्नॅस्टिक्स, लांब पल्ल्याचं धावणं यांत खाण्यावर सतत कुणाची तरी नजर असते, आणि मुलं ऐकणाऱ्याला रुचेल तेच सांगतात. नोंद कोण वाचणार हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा आणि तो शब्द पाळा.

आता हा आकडा किती नडतो ते एका कल्पित धावपटूवर पाहू. तिचं चरबीविरहित वजन 48 किलो, खरं खाणं 2900 किलोकॅलरी, सरावाचा खर्च 800. उपलब्ध ऊर्जा म्हणजे खाण्यातून सराव वजा करून उरलेलं, भागिले चरबीविरहित वजन: किलोमागे जवळपास 44. पुरेशी मानली जाणारी पातळी 45च्या आसपास आहे, म्हणजे मुलगी ठीक आहे. पण तिने 25 टक्के कमी सांगितलं तर नोंदीत 2175 येतात आणि उत्तर निघतं 28.6. धोक्याची म्हणून वापरली जाणारी रेषा 30ची. धडधाकट मुलगी कागदावर अर्धपोटी ठरली. सरावाचा खर्च तेवढाच वजा होतो, त्यामुळे खाण्यातली 25 टक्क्यांची तूट उत्तरात 35 टक्क्यांची होते.

बरं, नोंद विश्वासार्ह आहे का हे तपासायला 1991 सालचा गोल्डबर्ग निकष लावतात. सांगितलेल्या ऊर्जेला मूलभूत चयापचयाने, म्हणजे पूर्ण विश्रांतीतही शरीराला लागणाऱ्या ऊर्जेने, भागायचं आणि शारीरिक हालचालीच्या पातळीशी, म्हणजे दिवसाचा एकूण खर्च मूलभूत चयापचयाच्या किती पट आहे त्याच्याशी, ताडायचं. ही पातळी बऱ्याचदा 1.55 धरतात, जी बैठ्या, हलक्या दिनक्रमाची आहे. आपल्या धावपटूचा मूलभूत चयापचय 1400 धरला तर 2175 भागिले 1400 म्हणजे बरोबर 1.55. नोंद पास! तिची खरी पातळी 2.07 आहे, हे कुणी पाहिलंच नाही. खेळाडूंसाठी पातळी त्यांच्या सरावाच्या नोंदीवरून काढा; सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेला आकडा तसाच ठेवू नका.

आणखी एक गुंता असा की वही हातात आली की काही जण खरोखरच कमी खातात, लिहायचा त्रास नको म्हणून किंवा बरं दिसावं म्हणून. तेव्हा नोंद खरी असते, आठवडा मात्र नेहमीचा नसतो. सांगण्यातली तूट आणि खाण्यातली तूट वेगळी करायला नोंदीच्या आधी आणि नंतर वजन घ्या, दोन्ही वेळा सकाळी, उपाशीपोटी, त्याच काट्यावर. पाण्यामुळे वजन हलतंच, म्हणून किलो-अर्ध्या किलोच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका.

एवढं सगळं करूनही 28.6 आलं तर? 'कमीच सांगितलं असेल' म्हणून सोडून देणं मला निदान करून टाकण्याइतकंच वाईट वाटतं, कारण काही मुली खरोखरच इतकं कमी खात असतात. पाळी नियमित आहे का, हाडाला ताणाची दुखापत झाली होती का, गेल्या काही महिन्यांत वजन कसं हललं, हे विचारा. यांतलं काहीही खटकलं तर क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांकडे पाठवा आणि सोबत आहारनोंद देताना तिच्यावर ठळक लिहा: 'खेळाडूने सांगितल्याप्रमाणे'. कुठे वाटीचा अंदाज धरला, कुठे तेल गृहीत धरलं, तेही शेऱ्याच्या रकान्यात जाऊ द्या. तो रकाना बहुतेक जण मोकळा सोडतात, आणि सहा महिन्यांनी तीच नोंद उघडली की 300 ग्रॅम कच्चे होते की शिजलेले हे सांगायला कुणीच नसतं.