शाळेच्या अ‍ॅडमिशनला डिझायनर कपडे घालून जायचं असेल तर

इंदूरच्या टिळकनगरात माझं फिटिंगचं दुकान आहे. नवे कपडे मी शिवत नाही. दुसऱ्यांनी शिवलेले, बहुतेक वेळा मुंबई-दिल्लीहून आलेले महागडे कपडे गिऱ्हाइकाच्या अंगावर नीट बसवून देते. दिवाळी उरकली की इंदूरच्या मोठ्या शाळांचे ओपन डे, कॅम्पस टूर आणि पालकांसोबतची ती 'इंटरॅक्शन' सुरू होते, आणि मग येईल तिचा प्रश्न एकच: "काकू, हे घालून जाऊ की नको?" एकदा सगळं लिहून टाकते, म्हणजे पडद्याआडून ओरडून सांगायला नको.

आधी डोक्यातली भीती काढा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 13 म्हणतं की प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापांची चाळणी लावायची नाही. लावली तर पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत आणि पुढे दर वेळी 50,000 पर्यंत दंड. तेव्हा तुमची साडी पाहून कोणी सीट देईल किंवा नाकारेल हे मनातून काढून टाका. पण टेबलापलीकडे बसलेल्या बाईला डोळे आहेत, सकाळपासून तिनं ढीगभर आईबाप पाहिलेत, आणि तुम्ही तोंड उघडायच्या आधी तिचं निम्मं मत झालेलं असतं. माझी सगळी खटपट त्या निम्म्या मतासाठी.

माझा नियम असा: किंमत कापडात आणि शिवणीत असू दे, वाचता येईल अशी कुठेही नको. लुई व्हितॉंचा मोनोग्राम 1896 पासूनचा, गुचीच्या बेल्टवरचे दोन जी, सब्यसाचीच्या बेल्टवरचा वाघ, बर्बरीच्या चौकटी, हे सगळं लांबून ओळखू येतं, आणि ओळखू यावं म्हणूनच लोक घेतात. लग्नात, क्लबात खुशाल मिरवा. शाळेत अशी ओळखीची वस्तू घरटी एकच. आई, बाप आणि पोर, तिघं मिळून एक. नवऱ्याच्या पोटावर बक्कल, बायकोच्या दंडाला बॅग आणि चार वर्षांच्या लेकीच्या छातीवर हातभर अक्षरं, असं कुटुंब रिसेप्शनला उभं राहिलं की विमानतळावरच्या दुकानाची काच चालत आल्यासारखी वाटते.

उलट टोकही नको. काही जण मुद्दाम पार विटलेला कुर्ता घालून येतात, खाली मर्सिडीज उभी असते आणि ड्रायव्हर फाइल घेऊन मागे. ते मला जास्त खोटं वाटतं. आहे ते चांगलं घाला, फक्त आवाज कमी ठेवा.

खरं तर इंदूरकरांना हे सांगावं लागू नये. ज्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला त्या इंदूरच्या महाराज यशवंतराव होळकर दुसऱ्यांची दोन मोठी चित्रं बर्नार्द बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकारानं रंगवली. एकात पाश्चात्त्य पोशाख, काळा केप, पांढरा टाय, बस. दुसऱ्यात अस्सल मराठी थाट आणि गळ्यात घराण्याचे ते प्रसिद्ध नासपतीच्या आकाराचे हिरे. माणूस तोच, तिजोरी तीच. कुठल्या दिवशी तिजोरी उघडायची याची त्यांना अक्कल होती.

आता बायकांचं. माझी पहिली पसंती महेश्वरी, आणि आपल्याकडची म्हणून नव्हे. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा, त्यामुळे ती अंगाला चिकटत नाही आणि फुगतही नाही. दोन तास बसून उठलात तरी निऱ्या जागेवर. काठ दोन्हीकडून सारखा दिसतो, म्हणून पोरामागे धावताना पदर उलटला तरी कुणाला कळत नाही. विटेचा, चटईचा, चमेलीच्या फुलाचा असे काठाचे नमुने असतात. मला शाळेसाठी चटई आवडते, जरीची पट्टी बारीक असलेली. रिचर्ड आणि सॅली होळकरांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेल्या रेवा सोसायटी या महेश्वरच्या विणकर संस्थेच्या मागावरची साडी असेल तर कुठलंच लेबल लागत नाही. ज्याला कळतं तो काठाकडे बघून गप्प मान हलवतो.

चंदेरी नेसायची असेल, रॉ मँगोसारख्या डिझायनर ब्रँडची वगैरे, तर दोन गोष्टी पाळा. ती पारदर्शक असते, म्हणून परकर अगदी त्याच रंगाचा, शक्यतो सॅटिनचा. पांढऱ्या परकरावर मोतिया चंदेरी घालाल तर उन्हात उभं राहिल्यावर नाडीची गाठसुद्धा दिसते. आणि गाडीत सीटबेल्टची तिरकी घडी छातीवर उमटते, ती इस्त्रीशिवाय जात नाही. बेल्ट लावायचाच, पण मध्ये एक सुती स्टोल घाला, उतरल्यावर काढा.

ब्लाउजवर माझा खरा जीव. डिझायनर ब्लाउज हे लग्नाच्या हिशोबानं शिवलेले असतात: पाठ खोल, दोरी, खाली किलो-किलोची लटकनं. बसलात की लटकन खुर्चीच्या फटीत अडकतं, उठलात की खुर्ची सोबत येते. लटकनं कापू नका. मी ती आतून कच्च्या टाक्यांनी टाचून देते, लग्नसराईत टाके उसवले की पुन्हा बाहेर. बाहीवर जरदोजी असेल तर एक करून बघा: ती बाही स्वतःच्या गालावरून फिरवा. ओरखडा जाणवला तर तुमचं पोर त्या दंडाशी डोकं टेकवणार नाही, आणि नवख्या खोलीत पोरानं आईला बिलगू नये हे वाईट दिसतं. अशा वेळी साध्या बाहीचा दुसरा ब्लाउज घाला, साडीला काही होत नाही. ड्रेस घालणाऱ्यांना एवढंच: गुडघ्याखाली आणि बसून पाहिलेला.

नवरेमंडळींचा ब्लेझर हा वेगळाच विषय. नवा महागडा ब्लेझर येतो तेव्हा डाव्या बाहीच्या टोकाला कंपनीचं कापडी लेबल चार टाक्यांनी लावलेलं असतं, पाठीमागच्या फटीवर धाग्याची फुली असते आणि खिसे शिवून बंद असतात. हे तिन्ही दुकानातल्या हँगरपुरतं असतं. कितीतरी साहेब बाहीवर लेबल ठेवूनच फिरतात, त्यांना वाटतं ते दाखवायचं असतं. बारीक कात्रीनं फुली कापा, धागा चिमट्यानं ओढा, ब्लेडनं नको, लोकरीला भोक पडलं की रफू करूनही खूण राहते. खिसे मात्र उघडायचे असतील तर फक्त आतला एक. बाहेरचे बंदच ठेवले तर किल्ल्या-मोबाइल कोंबायचा मोह होत नाही आणि आकार टिकतो.

बाही लांब असेल तर आधी बटणं बघा. बाहीवरची काजं खरी कापलेली असली तर खालून आखूड करता येत नाही, खांद्यातून उचलावी लागते. ते काम वेळखाऊ आणि महाग, आदल्या संध्याकाळी घेऊन येऊ नका. काजं नुसती दिसण्यापुरती असतील तर तासाभराचं काम. शर्टाची कड मनगटाशी अर्धा इंच बाहेर दिसली पाहिजे. जोधपुरी बंदगळा चांगला दिसतो, पण सोनेरी बटणांचा नको, नाहीतर गेटवरचा शिपाई आणि तुम्ही सारखेच दिसाल, आणि त्याचा कडक इस्त्रीचा असतो.

घरून निघण्याआधी माझ्या दुकानात एक परीक्षा असते. मी एक बुटका पाट ठेवलाय. त्यावर बसायचं, पोराला मांडीवर घ्यायचं, वाकून त्याच्या बुटाची नाडी बांधायची, उठायचं. कारण नर्सरीच्या वर्गात पालकांनाही बहुधा त्या टीचभर खुर्च्यांवरच बसवतात. पाटावर शिवण करकरली, पदर घसरला, पँट पोटरीपर्यंत चढली, तर कपडा कितीही नामी असो, परत हँगरला. ज्यांना वाकताच येत नाही ते म्हणतात, "अहो काकू, नाडी आया बांधेल." मग आयालाच पाठवा ना इंटरॅक्शनला.

चप्पल-बूट. टूर बहुतेक वेळा लॉनवरून जाते, आणि डिसेंबर-जानेवारीत इंदूरची सकाळ दवानं भिजलेली असते. पेन्सिल हील मातीत रुततं, मग बाई एका पायावर आणि नवरा धरून. लाल तळव्याचे लुबुतँ असतील तर तो लाल रंग एका फेरीत उडतो, ते वेगळं दुःख. ब्लॉक हील किंवा चांगली चामड्याची मोजडी. थंडीसाठी पश्मिना किंवा नव्वद सेंटिमीटरचा तो एर्मेसचा रेशमी रुमाल गळ्याशी. घरटी जी एक ओळखीची वस्तू म्हटलं ती हीच ठेवा, गुंडाळली की फक्त रंग दिसतो.

बॅग जमिनीवर ठेवायची असते. टेबलावर कधीच नाही, मांडीवर पोर असतं. ज्या बॅगेला जमिनीवर ठेवताना तुमचा जीव वर-खाली होतो ती आणूच नका. तिच्यात फाइल, टिश्यू, पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा मावला पाहिजे. टिकली एवढी बॅग आणून हातात प्लास्टिकची थैली धरणाऱ्या बायका मी पाहिल्यात. आणि फी हप्त्यानं भरता येईल का, हे विचारायचं असेल तर कृपा करून काही लाखांची बॅग घरी ठेवा. 22 एप्रिल 2025 पासून दहा लाखांवरच्या हँडबॅग, घड्याळ, गॉगल यांवर दुकानदार 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर, वसूल करतो, म्हणजे खरेदी तुमच्या पॅनवर चढतेच. शाळेला मात्र ते बघायला आयकराचं पोर्टल लागत नाही, मनगट पुरतं.

फर्स्ट कॉपी, म्हणजे ब्रँडची हुबेहूब नक्कल, नको. बिलकुल नको. समोरच्या बाईकडे खरी असू शकते.

पोराला नवं काही घालू नका, दोनदा धुतलेला सुती शर्ट, टॅग कापलेला. टोचलं की ते रडतं आणि मग तुमच्या साडीकडे कोण बघतंय. अत्तर नाही, बंद खोलीत लहान मुलं शिंकतात. दागिने मंगळसूत्र, कुड्या, घड्याळ. बांगड्या वाजतात, काचेच्या तर टेबलावर जास्तच.

भाड्यानं डिझायनर कपडा आणत असाल तर आणा, त्यात कमीपणा काही नाही, पण मुदत एक दिवस जास्तीची घ्या. शाळावाले तारखा पुढे ढकलतात.

घरी आल्यावर लगेच ड्रायक्लीनला टाकू नका. रात्रभर सावलीत वाऱ्यावर ठेवा, डाग असेल तेवढाच पुसा. चिकटवलेल्या अस्तराचा ब्लेझर फार ड्रायक्लीन केला की छातीवर फोड आल्यासारखे फुगे येतात, ते माझ्याच्यानेही बसत नाहीत. जरीची साडी मलमलमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत जरी काळी पडते, आणि अधूनमधून घडी बदला.

दुसऱ्या फेरीला बोलावलं तर बायकांचा पहिला प्रश्न असतो की आता वेगळं काय नेसू. तीच साडी नेसा. ब्लाउज बदला, पदर यावेळी पिन न लावता मोकळा सोडा, आणि ब्लेझरवाल्यांनी टाय काढून या.