प्रमाणशीर प्रतिनिधित्व मागताय? आधी या चुका टाळा

2018 ला कर्नाटकात भाजपने 36 टक्के मतांवर 104 आमदार आणले आणि 38 टक्के मिळवणारी काँग्रेस मागे राहिली. हे आकडे कुणी वाचून दाखवले की आमच्या बेळगावातली दोन-चार पोरं पेटतात आणि ‘जितकी मतं तितक्या जागा’ असं निवेदन लिहून आणतात. मागणी रास्तच आहे, पण कागद दर वेळी त्याच त्या ठिकाणी चुकलेला असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘तीन वॉर्ड जोडा, तीन नगरसेवक द्या, झालं प्रमाणशीर.’ कसलं झालं? मतदाराला जागा तितकी मतं दिली की जे पॅनेल जरासं पुढे, ते सगळं धुऊन नेतं. ग्रामपंचायतीत आणि सोसायटीच्या निवडणुकीत हे डोळ्यांदेखत घडतं. 1961 पर्यंत देशात दोन जागांचे मतदारसंघ होते, तेही याच वळणाचे. मत प्रत्येकाला एकच हवं, आणि उमेदवारांपुढे 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहिता यायला हवा.

वडगावातल्या एका मंडळात हे तोंडी कुणाला पटेना, म्हणून तिथेच वहीची पानं फाडून मतदान घेतलं. माणसं तीस, जागा तीन. एका बाजूला वीस, दुसऱ्या बाजूला दहा. आधी प्रत्येकाला तीन मतं दिली. निकाल 3-0. मग एकच मत, पसंतीक्रमासह. तीन जागा म्हणजे तिसाला जागांहून एक जास्त, म्हणजे चाराने भागायचं आणि पुढचा पूर्णांक धरायचा. निवडून यायला लागणारा कोटा आठ मतांचा. दहा जणांना एक जागा मिळायलाच हवी होती. पण त्यांच्यात उमेदवार दोन, पाच-पाच मतांचे, आणि दोघांच्याही पोरांनी ‘1’ लिहून पेन खाली ठेवलं. “त्याला दुसरी पसंती? त्यापेक्षा मत वाया गेलेलं बरं!” पलीकडे 8, 6, 6 मतं. पाचवाल्यांतला एक चिठ्ठी टाकून बाद झाला, दुसरी पसंतीच नसल्याने त्याची मतं कुठेच गेली नाहीत. मग दुसरा तळाला आला, तोही गेला. पुन्हा 3-0. त्याच पानांवर ‘2’ लिहायला लावल्यावर पाच आणि पाच दहा झाले, जागा आली. महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन-दोन उमेदवार एकमेकांसमोर उभे राहिलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना अधिक सांगायला नको. हल्ली मी निवेदन वाचण्याआधी वहीच मागतो. ज्याला अर्धा तास पानं मोजायला बसवत नाही, त्याने कायदा बदलायच्या गप्पा मारू नयेत.

आणि हे परदेशी खूळ आहे असंही म्हणू नका. विधान परिषदेचा बेळगाव स्थानिक संस्था मतदारसंघ दोन जागांचा आहे आणि मतदान पसंतीक्रमाने होतं. डिसेंबर 2021 मध्ये तिथून एक काँग्रेसचा आणि एक अपक्ष निवडून आला, भाजपचा उमेदवार पडला. पदवीधर मतदारसंघातही 1, 2, 3 लिहितात, पण तिथे जागा एकच, वाटणार काय?

दुसरी दुखरी चूक जर्मनीचा पाच टक्क्यांचा उंबरठा, म्हणजे त्याहून कमी मतं मिळवणाऱ्या पक्षाला जागांच्या वाटपातून वगळण्याची अट, जसाच्या तसा उचलण्याची. कर्नाटकभर पाच टक्के लावले तर सीमाभागातली मराठी मतं मोजणीआधीच बाद झाली म्हणून समजा. खुद्द जर्मनीने डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाला ही अट माफ केलेली आहे, आणि 2021 ला त्यांचा एक खासदार निवडूनही आला. नक्कल करायची तर निदान तळटीप तरी वाचा.

महापौरांना निवेदन देऊन फोटो काढू नका. महापालिकेचा निवडणूक कायदा बेंगळूरला ठरतो, विधानसभेचा दिल्लीला.

सीमाप्रश्न याच कागदात कोंबू नका. तो दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. एका भिजत घोंगड्यात दुसरं कशाला?

आपल्या मतदान यंत्रावर एका नावापुढचं एकच बटण दाबायचं असतं. पसंतीक्रम हवा तर सध्या कागदी मतपत्रिकाच मागा.

शेवटचं, उमेदवारांची जत्रा नको. 1996 च्या लोकसभेला बेळगावात 456 उमेदवार होते. निषेध म्हणून ठीक होतं, पण 456 नावांपुढे क्रम कोण लिहिणार? जितक्या जागा येतील असं वाटतं, त्याहून एखादाच जास्त उभा करा, आणि त्यांची दुसरी पसंती कोणाला जाणार हे अर्ज भरायच्या आधी ठरवा.