बारावीनंतर डीएलएडला जाताय? सुरुवात अशी करा

बारावीचा रिझल्ट लागला की आमच्या गोव्यात डिचोलीकडची दोन-तीन तरी मुलं दरवर्षी घरी येतात आणि विचारतात, बाई डीएलएड, म्हणजे प्राथमिक शिक्षकाचा दोन वर्षांचा डिप्लोमा, करू की बीए करून बीएड करू. लहान मुलांनाच शिकवायचं हे मनात पक्कं असेल तर डीएलएड करा, असं मी स्पष्ट सांगते. सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2023 ला निकाल दिलाय की प्राथमिकला, म्हणजे पहिली ते पाचवीला, बीएड ही पात्रता धरायची नाही, त्यामुळे "बीएड असलं की सगळीकडे चालतं" हे आता विसरायचं.

आणि एक, मोबाईलवर शोधताना अमेरिकेतल्या असोसिएट डिग्रीची पानं समोर येतात आणि मुलं गोंधळतात. ती पण दोन वर्षांचीच असते, साधारण 60 क्रेडिटची, पण तेवढ्यावर तिथल्या सरकारी शाळेत वर्गशिक्षक होता येत नाही, ते क्रेडिट घेऊन पुढे चार वर्षांची डिग्री पूर्ण करायची आणि मग त्या राज्याचं लायसन्स काढायचं, तोपर्यंत फार तर वर्गात मदतनीस म्हणून काम मिळतं. आपला दोन वर्षांचा डिप्लोमा वेगळा, त्यावर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास झालात की तुम्ही पहिली ते पाचवीच्या शिक्षक पदाला पात्र.

अॅडमिशनचं थोडक्यात सांगते. बारावीला 50 टक्के लागतात, राखीव गटांना सवलत आहे, स्ट्रीम कुठलीही चालते. आपल्याकडे पर्वरीला डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण प्रशिक्षण संस्था, आहे, बारावीच्या निकालानंतर तिथल्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. मार्कशीट, जन्मदाखला, जातीचा दाखला असेल तर तो, आणि मामलेदार ऑफिसातून रहिवासी दाखला, हे सगळं लागतं, मार्कशीट सोडून बाकीचं निकालाची वाट न बघता आधीच काढून ठेवा, कारण निकाल लागला की त्या ऑफिसात सगळा तालुका रांगेत असतो. कदंब बसचा स्टुडंट पास पण पहिल्याच आठवड्यात करून घ्या, पैसे वाचतात.

आता खरी गोष्ट. पहिल्या महिन्यात सगळ्यांना वाटतं की पहिली-दुसरीचं काय शिकायचंय, अआइई आणि बेरीज-वजाबाकी तर येतेच की. मला पण तसंच वाटायचं. मग पहिल्यांदा निरीक्षणाला शाळेत गेले, तक्त्यावरच्या माशाच्या चित्राकडे बोट दाखवून विचारलं हे काय, तर एक मुलगी मोठ्याने म्हणाली "नुस्तें!", आणि मी लगेच "चूक, मासा" म्हटलं. ती नंतर तासभर बोललीच नाही. तिचं काहीच चुकलं नव्हतं हो, घरात कोकणी आणि शाळा मराठी, गोव्यातल्या कितीतरी मुलांचं असंच असतं. आज मी "हां, नुस्तें, आणि पुस्तकात त्याला मासा म्हणतात" असं म्हणते, दोन्ही शब्द फळ्यावर लिहिते, की मूल खुलतं. उदक आणि पाणी, सुणें आणि कुत्रा, अशा जोड्यांची एक वही पहिल्या दिवसापासून करा. तुम्हाला स्वतःला कोकणी नीट येत नसेल तर आधी ती शिका, सरकारी नोकरीला पण ती लागतेच.

त्याच वहीच्या मागच्या बाजूला मुलांच्या चुका लिहायच्या, आणि चूक का झाली ते पण. समजा मुलाने चौतीस ऐकून 43 लिहिलं. लक्ष नाही म्हणून ओरडू नका. चौतीस म्हणताना कानाला आधी चार ऐकू येतात आणि मग तीस, त्याने जे ऐकलं तेच क्रमाने लिहिलं. महाराष्ट्रात 2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "तीस चार" अशी वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला, पण मुलांची अडचण खरी आहे. यावर माझा उपाय माडाच्या झावळीच्या हिरांचा. हीर सारखे तोडायचे, दहा-दहाच्या जुड्या रबर लावून बांधायच्या, तीन जुड्या आणि चार सुटे हातात दिले की चौतीस डोळ्यांना दिसतो. चिंचोके, सुपाऱ्या, करवंट्या, सगळं चालतं. दुकानातला चकचकीत थर्माकोलचा तक्ता पाठाच्या दिवशी छान दिसतो पण मुलांना त्याला हात लावू देत नाहीत, मग उपयोग काय त्याचा?

पाठ टाचण, म्हणजे लेसन प्लॅन, लिहायला सुरुवातीला दोन-दोन तास जातात, ते ठीक आहे. फक्त सीनियरची वही उतरवू नका. उद्दिष्ट एकच ठेवा आणि ते "मुलांना कळेल" असं न लिहिता "मूल दहा वस्तू मोजून दाखवेल" असं लिहा, म्हणजे झालं की नाही ते तुम्हालाच पाठ संपल्यावर समजतं. फळ्यावर लिहायची प्रॅक्टिस रोज दहा मिनिटं करा, वर्ग रिकामा झाल्यावर. ओळ सरळ यायला आणि लिहिताना अर्धं तोंड मुलांकडे ठेवायला मला तरी तीन महिने लागले.

आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप, दोन वर्षांत मिळून निदान 20 आठवडे असते, त्यातले बहुतेक दुसऱ्या वर्षी. माझं आग्रहाचं सांगणं, शक्य असेल तर एकदा तरी छोट्या गावातली शाळा मागून घ्या. सत्तरीत, काणकोणात अशा शाळा आहेत जिथे पहिली ते चौथी मिळून मोजकीच मुलं, आणि एक बाई दोन-दोन वर्ग एकत्र घेतात. एका गटाला वाचायला लावून दुसऱ्याला गणित द्यायचं, चौथीच्या मुलाने पहिलीतल्याला गोष्ट वाचून दाखवायची, हे पुस्तकातून येत नाही, त्या बाईंच्या शेजारी बसून बघावं लागतं. बघताना खुर्चीवर बसू नका, खाली मुलांच्या रांगेत बसा, तिथून फळा कसा दिसतो ते पण कळतं.

सीटीईटी म्हणजे केंद्राची टीईटी, तिचा अभ्यास मात्र दुसऱ्या वर्षावर ढकलू नका. पहिली ते पाचवीसाठीचा पेपर एक म्हणजे 150 प्रश्न, 150 मिनिटं, बालविकास, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी 30. निगेटिव्ह मार्किंग नाही, पास व्हायला 60 टक्के म्हणजे 90 मार्क लागतात, आणि एकदा पास झालात की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. भाषांच्या यादीत मराठी आहे, फॉर्म भरताना नीट बघून निवडा. बालविकासाचे प्रश्न "मूल असं वागलं तर तुम्ही काय कराल" या धर्तीचे असतात, तेव्हा ती चुकांची वही काढून वाचा, मला तिचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.